तिसरी बाटली

तेहतीस वर्षं नोट प्रेसला, तपासणी विभागात.
छापलेला ताव आला की आधी बोटं जायची, मागून डोळे.
शाई फाकली, आकडा सरकला,
की लाल पेन्सिलीची खूण, आणि ताव बाजूला.
एकासाठी अख्खा गठ्ठा बाद करायचा नाही,
हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

पोटात छापलं जात होतं ते मात्र
आठ महिने माझ्या हातून निसटलं.
ओवा खाल्ला, हिंग लावला,
परकराची नाडी दोन बोटं सैल केली.
मग सोनोग्राफीवाली मुलगी
घोटीच्या पावसाबद्दल बोलता बोलता
एकदम गप्प झाली.
तपासणारं माणूस गप्प झालं की काय समजायचं
ते मला कुणी सांगायला नको.

डॉक्टर कांकरियांनी पॅडवर अंडाशय काढलं.
कैरीसारखं आलं. त्यांनाच हसू फुटलं.
म्हणाले, पहिल्या दोन बाटल्या केमोच्या.
भराभर वाढणारी पेशी दिसली की मारायची,
आपली-परकी बघायची नाही.
म्हणून केस जातात, तोंड येतं.
म्हणजे गठ्ठाच्या गठ्ठा कापायच्या मशीनमध्ये, मी म्हटलं.
ते थांबले. जवळजवळ तसंच, म्हणाले.
आणि तिसरी?
तिसरी नेमकं एकच काम करते.
गाठ स्वतःसाठी रक्ताच्या नव्या वाटा काढते,
त्या काढू देत नाही.
मग तेवढीच द्या की.
एकटी कमी पडते, कुमुदताई. जोडीनं द्यावी लागते.
किंमत त्यांनी पॅडच्या कोपऱ्यात अगदी बारीक लिहिली.
एवढी शून्यं मी रोज मोजलीत,
पण ती सरकारची होती.

दर एकवीस दिवसांनी तिसरा मजला, खिडकीची खुर्ची.
खाली द्वारकेचा पूल, त्यावर कांद्याचे ट्रक.
शेजारी मालेगावच्या रुक्साना पिंजारी.
त्यांच्या रिपोर्टात निघालं, दोष जन्मापासूनचा,
आईकडून आलेला.
त्यांना केमो संपल्यावर वेगळी गोळी आहे,
अशाच दोषावर चालणारी.
माझी चूक एका तावातली,
त्यांची प्लेटमध्येच.
प्लेटमधली चूक पुढच्या प्रत्येक तावावर उमटू शकते.
हे मी त्यांना बोलले नाही.
त्यांची लेक खाली रिक्षात बसून असते.
तपासणीला चल म्हटलं की
तिचा फोन वाजतो.

घरी हे सकाळ-संध्याकाळ माझं बीपी घेतात,
प्रेसच्या जुन्या डायरीत मांडतात.
तिसऱ्या बाटलीनं ते चढतं.
एकदा पोळी लाटताना नाकातून रक्त आलं,
पिठात एक थेंब.
तेवढाच गोळा काढून टाकला,
बाकीची कणीक वापरली.
सवय.

चौथ्या खेपेला रक्तातला आकडा
आठशे चाळीसवरून बासष्टवर.
पस्तीसच्या आत आला की पेढे, असं ह्यांनी जाहीर केलं.
मला चिवडासुद्धा पितळी लागतो,
पेढ्याचं काय घेऊन बसलात!

एक गोष्ट डॉक्टरांनी आधीच सांगितली होती,
मी ती साधी समजले:
बोटं बधिर होतील थोडी.
आता ब्लाऊजचं बटण सापडत नाही.
दूध गरम आहे हे ओठांना कळतं, हातांना नाही.
ह्या बोटांचा मला पगार मिळायचा.
परत येतील का, विचारलं.
बहुतेक, म्हणाले. हळूहळू.

काल जेल रोडला मेथी घेतली.
पोरानं शंभराची नोट परत दिली.
अंगठा फिरवला.
उठावाची शाई लागेना. परत फिरवला.
कोरा कागद.
बोटांची खात्री नसेल तेव्हा उजेडाकडे धरायची,
एवढं अजून येतं.
तिथंच, गाडीपाशी, उन्हात धरली.
मागे दोन-चार जण खोळंबले.
काय झालं काकू, खोटी आहे का?
थांब रे, म्हटलं,
बघतेय.